एका शिंप्याच्या बदल्यात दोघे

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू जुनी होईपर्यंत स्वतःपाशी ठेवली नाही, आणि तरीही त्यांच्या घरात एकही वस्तू नवी नव्हती. याचं कारण असं की आमच्या भावोजींना अदलाबदलीचा नाद होता, आणि तोही उलट्या बाजूने. लोक जुनं देऊन नवं घेतात. भावोजी नवं देऊन जुनं घेत, आणि घरी येताना लढाई जिंकल्यासारखे येत. लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेली कोरी छत्री त्यांनी पहिल्याच महिन्यात तरीवर होडी वल्हवणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन त्याची ठिगळांची छत्री आणली. का, तर ती अकरा पावसाळे उभी राहिली होती आणि वडिलांच्या छत्रीने अजून एकही पाहिला नव्हता. वहाणा ते नेहमी दुसऱ्याच्या पायातल्या घेत. नव्या वहाणा चावतात. दुसऱ्याला चावून चावून दमलेल्या वहाणा घेतल्या की आपल्याला त्रास नाही, असा साधा हिशेब. आक्काने वासरापासून वाढवलेली पाडी त्यांनी शेजारच्या वाडीत देऊन तिथली चार वेतांची गाय दावणीला आणून बांधली, तेव्हा आक्का त्यांच्याशी आठ दिवस बोलली नव्हती. गाय मात्र चांगली निघाली. हीच तर पंचाईत होती. त्यांचे सगळे व्यवहार फसले असते तर आम्ही त्यांना वेडे ठरवून मोकळे झालो असतो, पण जितके फसत तितकेच साधतही. त्यामुळे प्रत्येक वेळी आता काय होतंय या उत्सुकतेने आम्ही सगळे बघत राहायचो. कोणी फारच छेडलं तर त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे, "नवी वस्तू म्हणजे नुसती आशा. जुनी वस्तू म्हणजे पुरावो."

देवगड तालुक्यात खाडीच्या काठी आमचं गाव, आणि भावोजी तिथल्या शाळेचे मास्तर. घरी आणि गावात ते सगळ्यांसारखंच मालवणी बोलत, पण शाळेच्या उंबऱ्याच्या आत आणि कोणाही साहेबासमोर अगदी छापील मराठी. एकदा शाळेला वरून नवी पितळी घंटा आली. चार दिवसांत ती एका गलबतावर गेली आणि गलबताची काळपटलेली घंटा शाळेच्या वाशाला लागली. पहिले काही दिवस शाळा सुटली की बंदरावरची माणसं कामं टाकून धक्क्याकडे धावत, कोणतं गलबत लागलं म्हणून. पुढे तपासणीला साहेब आले आणि त्यांनी नवी घंटा कुठे आहे असं विचारलं. भावोजी हात बांधून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "ती अनुभव घेण्यासाठी समुद्रावर गेली आहे." साहेबांनी वहीत काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही, पण घंटा तीच राहिली.

असे हे गृहस्थ आमच्या गावच्या हुतुतू संघाचे व्यवस्थापक होते. साठ सालाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. माघातल्या जत्रेला आजूबाजूच्या गावांचे सामने व्हायचे आणि जिंकणाऱ्या गावाला एक पितळेची ढाल मिळायची, ती वर्षभर आपल्या देवळात लावायची. आमच्या देवळात त्या ढालीसाठी ठोकलेला खिळा गंजून गेला होता. ढाल दरसाल खारेपाटणला जायची, कारण खारेपाटणकडे तातू शिंपी होता. तिशी ओलांडलेला, काटकुळा, बघितला तर वाऱ्याने उडेल असा. पण एकदा हुतुतू म्हणत चढाईला शिरला की त्याचा दम संपायचाच नाही. समोरचे गडी वाट बघून कंटाळायचे, आणि कंटाळले की हा एकाला हात लावून परत. आमच्या संघात होती सगळी पोरं. त्यातल्या दोघांकडे लोक जरा आशेने बघायचे. एक मी, एकोणीस वर्षांचा, पायाने चपळ, मॅट्रिकला दोनदा बसून घरी बसलेला. दुसरा यशवंत, होडीवर जाळी ओढणाऱ्या घरातला. त्याने घोटा पकडला की सुटायचा नाही. गावचे म्हातारे म्हणत, ही दोघं चार वर्षांत ढाल आणतील. भावोजी ते ऐकून घेत आणि मान हलवत. ती मान होकाराची नव्हती हे आम्हाला उशिरा कळलं.

जत्रेच्या सामन्यांना नियम एकच होता: गडी निदान सहा महिने त्या गावात राहिलेला हवा. खारेपाटणच्या संघाचे व्यवस्थापक एक भातमिठाचे व्यापारी होते. त्यांना वखारीवर दोन धडधाकट पोरं हवी होती आणि संघही तरुण करायचा होता. भावोजी एक दिवस भरतीबरोबर होडीने वर गेले, त्यांच्याकडे जेवले आणि ओहोटीबरोबर परत आले. तेवढ्यात सगळं ठरलं होतं. तातू शिंपी आपलं मशीन आणि बिऱ्हाड घेऊन आमच्या गावात येणार, कारण आमच्याकडे शिंपी नव्हताच; आणि मी व यशवंत खारेपाटणला वखारीवर कामाला जाणार. व्यापारी म्हणाले होते म्हणे, मास्तर, शिंप्याची दोन-तीन वर्षं उरलीत आणि पोरांची दहा, तेव्हा फसताय तुम्ही. त्यावर भावोजींनी त्यांनाच उलट विचारलं होतं, दहा वर्षांनी ढाल मिळाली तर या वर्षी देवळात काय लावू?

ही बातमी त्यांनी आम्हाला दुपारी जेवताना सांगितली, मला माशाची तुकडी वाढली जात असताना. आक्काचा हात तसाच राहिला. ती म्हणाली, "माझ्या भावाक तुमी छत्रीसारखो देऊन इलात?"

भावोजींनी प्रश्नाचा नीट विचार केला. "छत्री एकास एक दिलेली," ते म्हणाले. "ह्याच्यावांगडा आणखी एक देवचो लागलो."

मला दिलं याचं मला वाईट वाटलंच, पण मी एकटा पुरलो नाही, माझ्याबरोबर यशवंतही घालावा लागला, याचं जास्त वाटलं. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निम्मे म्हणत, मास्तरांनी उद्याचा भात आजच शिजवला. निम्मे म्हणत, उद्या कोणी पाहिलाय, एकदा तरी ढाल बघून डोळे मिटू दे. माझे वडील कोणत्याच बाजूला नव्हते. त्यांना मी कामाला लागलो एवढंच पुरेसं होतं. निघायच्या दिवशी धक्क्यावर आमची होडी सुटत होती आणि तातूची लागत होती. मशीन उतरवायला भावोजी गुडघाभर पाण्यात उभे होते. तातू आमच्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला. भावोजींनी आमच्याकडे मशीन खांद्यावर आल्यानंतर बघितलं.

खारेपाटणला आम्ही दिवसा पोती उचलली आणि संध्याकाळी खेळलो. पोती उचलून यशवंतचे हात आणखी घट्ट झाले. माघ आला आणि जत्रेला शेवटचा सामना नेमका आमच्याच दोन गावांत लागला. माझी पहिली चढाई आपल्याच गावावर. समोर सगळे लहानपणापासूनचे चेहरे. मी दम धरून मध्ये फिरत होतो, काय करावं सुचत नव्हतं, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला, "उजवीकडे बघ रे! उजवो कोपरो मोकळो आसा!" माझे पाय आपोआप उजवीकडे वळले. दोघांना हात लावून मी परत आलो. आमच्या, म्हणजे त्यांच्या, गावचे लोक भावोजींच्या अंगावर धावून गेले. पंचांनी खेळ थांबवून त्यांना जाब विचारला. भावोजी ताबडतोब छापील मराठीत शिरले आणि म्हणाले, "क्षमा असावी. सवयीने झाले." नंतरचा सगळा सामना त्यांनी स्वतःच्या तोंडावर पंचा धरून पाहिला.

शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या आणि तातू आला. सावकाश, कापड मापायला आल्यासारखा. यशवंतने त्याचा घोटा पकडला. तो सुटत नाही हे आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्ही आनंदाने ओरडायलाही लागलो. पण तातूचा दमही सुटत नव्हता. तो जमिनीवर पालथा, हुतुतू हुतुतू म्हणत बोटाबोटाने मधल्या रेषेकडे सरकत होता, मागे यशवंत लोंबकळत होता, आणि एवढी माणसं असूनही फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्याची दोन बोटं रेषेवर पडली. आमचं गाव जिंकलं आणि मी हरलो. यशवंत मातीत बसून रडला. मला नक्की काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. ढोल वाजायला लागले तेव्हा पाय नाचायला निघाले होते आणि मीच त्यांना धरून ठेवलं होतं.

भावोजींनी आम्हा दोघांना आणि तातूला एकत्र घरी जेवायला नेलं. ढालीबद्दल ते फार बोललेच नाहीत. त्यांना सगळी उत्सुकता यशवंतच्या पकडीची. घोटा कुठे धरलास, अंगठा वर होता की खाली, पोती उचलताना पाठ कशी ठेवतोस, असं सगळं विचारून घेतलं, आणि शेवटी स्वतःशीच पुटपुटले, "पुढच्या वर्षी हो सोडूचो नाय."

आणि तसंच झालं. पुढच्या माघात यशवंतने तातूला रेषेच्या हातभर अलीकडे दाबून ठेवलं. त्याच्या पुढच्या वर्षी मीच एका चढाईत तिघांना मारलं. ढाल पुन्हा खारेपाटणला गेली. त्यानंतरच्या वर्षी चढाईत वळताना तातूचा गुडघा गेला आणि त्याला चार जणांनी उचलून बाहेर नेला. मग गावाने देवळात सभा घेतली. मी त्या दिवशी आईला भेटायला आलो होतो, म्हणून तिथे होतो. सगळ्यांचं म्हणणं एकच: व्यापाऱ्याशी बोलून पोरं परत आणावीत आणि तातूला त्याच्या गावी धाडावा. आणि हे काम करायला गावात मास्तरांइतका तरबेज माणूस दुसरा नव्हता. मला वाटलं, भावोजींचे डोळे चमकतील. नवी अदलाबदल, तीही संपूर्ण गावाच्या आग्रहावरून! पण ते खाली बघत बसले होते. तातूची थोरली मुलगी त्यांच्याच शाळेत तिसरीत होती, धाकटा आमच्याच गावात जन्मलेला, आणि त्याचं मशीन शाळेच्या वळणावर दिवसभर चालायचं. ते उठले आणि म्हणाले, "तातू हयचो झालो. तेका परत धाडूचो नाय."

कोणीतरी म्हणालं, मग तुम्हीच व्यवस्थापकी सोडा. त्यांनी संघाची शिट्टी गळ्यातून काढून देवापुढे ठेवली आणि वहाणा घालून घरी गेले. मी त्यांना कशाचीही अदलाबदल नाकारताना पाहिलं ते पहिल्यांदाच.

पुढे यशवंतला मुंबईच्या एका गिरणीने खास आपल्या संघासाठी नोकरी दिली. मी खारेपाटणलाच राहिलो; वखारीतून हळूहळू स्वतःच्या दुकानापर्यंत आलो, बायकोही तिथलीच मिळाली. गावातले काही शहाणे लोक अलीकडे सांगू लागले होते की मास्तर फार दूरदर्शी, रिकाम्या बसलेल्या मेहुण्याचं भलं व्हावं म्हणूनच त्यांनी ते नाटक केलं. मलाही ते पटायला लागलं होतं. एका भेटीत मी न राहवून त्यांना विचारलं. ते खरोखर चकित झाले. "नाय रे," म्हणाले, "माका शिंपी व्हयो होतो."

परवाच्या दिवाळीत गेलो तेव्हा ते नोकरीतून मोकळे झाले होते. संध्याकाळी शाळेच्या पटांगणाकडेला बाकावर बसले होते, शेजारी तातू लंगडा पाय पुढे पसरून. पटांगणात हुतुतू चालू होता. त्यात एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता, अजून कशाचा पत्ता नसलेला, पाय वेडेवाकडे टाकणारा, पण वळताना अचानक काहीतरी वेगळंच करून जाणारा. खारेपाटणचा संघ आता मीच बघत होतो. मी सहज म्हणालो, भावोजी, याला आमच्याकडे द्या, बदल्यात मागाल तो तयार गडी देतो.

 

"ह्या पोराक खंय धाडूचो नाय," ते म्हणाले. "पुढे हेचा काय जाता ता माका हयच बसान बघूचा आसा. तुमचा दोघांचा माका बघूक गावला नाय."

मुलगा चढाईला निघाला होता. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो आणि तातूने मला जागा करून द्यायला आपला पाय थोडा बाजूला ओढला.