वन्संची न सुटणारी उदाहरणं

सावर्ड्याहून फोन आला तेव्हा मी दुकानात ब्लाउजची बाही कापत होते. पलीकडे एक बाई रडत सांगत होती की कुमुदताई सकाळी चहा घेता घेता कोसळल्या आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. कुमुदताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, आमच्या वन्सं. आदल्या दिवशीच त्या मैत्रिणीकडे म्हणून सावर्ड्याला गेल्या होत्या. मी त्या रडणाऱ्या बाईला आधी तिचं नाव विचारलं, मग वन्संचं पूर्ण नाव विचारलं, आणि त्यांच्या अंगावर कुठलं लुगडं आहे तेही विचारलं. हल्ली कसलेही फोन येतात. तिने रंग बरोबर सांगितला, तेव्हा मी कात्री खाली ठेवली...

माझा स्वभावच असा आहे आणि वन्संना तो ठाऊक होता. त्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर काही वर्षं संगमेश्वरला भाड्याने राहिल्या आणि एक दिवस दोन ट्रंका घेऊन रत्नागिरीत आमच्या दारात उभ्या राहिल्या. माहेरचं घर होतं, त्यांना कोण नाही म्हणणार? पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हिश्श्याचा. यजमानांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अगं, ताई आहे ती." हे काही उत्तर नव्हे. वन्संनी मागची खोली घेतली आणि महिन्याभरात आजूबाजूची पोरं तिथे गणिताला यायला लागली. फी घेत नव्हत्या. त्यामुळे तर मला जास्तच संशय आला. फुकट कोण कशाला शिकवेल?

त्यांच्या खोलीत आमची मुलगी मुक्ताही बसायला लागली, कारण माझा नाइलाज झाला होता. मुक्ताला पाढे येत, बेरजा-वजाबाक्या येत, पण शाब्दिक उदाहरण आलं की ती जागा कोरी सोडायची. घरी घेऊन बसलं की माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "बेरीज करू की वजाबाकी?" मी सांगितलं की करायची. पाचवीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तिला बसवावं की नाही, असं बाईंनी शाळेत बोलावून विचारलं तेव्हा मी घाबरले. माझं शिक्षण अर्धवट राहिलं ते गणितापायीच. हिचंही तसंच होणार असं मला दिसायला लागलं.

शिवणाचं काम हातात घेऊन मी वन्संच्या खोलीबाहेर बसायची. ऐकायचं हाच हेतू होता. त्यांची पद्धत अशी की उदाहरण वाचून झाल्यावर पेन्सिल उचलायची नाही. आधी आकडे सोडून गोष्ट सांगायची, कोण आहे, काय करतोय, आपल्याला काय विचारलंय. एकदा उदाहरण होतं पन्नास मुलांना खाडीपलीकडे न्यायचं, होडीत एका वेळी आठ जण मावतात, तर किती खेपा. सगळ्यांनी भागाकार केला आणि सहा लिहून मोकळे झाले. वन्संनी चूक म्हटलं नाही. दोघं उरली त्यांचं काय करायचं, एवढंच विचारलं. मिरकरवाड्यातली सुहानी होती, तिचे वडील बोटीवर जातात. ती म्हणाली, "तांडेल घेतो ना बाई दोन जास्तीचे. सोडून थोडाच जातोय." तांडेल म्हणजे होडी चालवणारा. पोरं हसली. वन्सं मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "घेतो खरा. पण आठच मावतात असं यात लिहिलंय. हा तांडेल कडक आहे."

इथपर्यंत ठीक होतं. पण एका संध्याकाळी मुक्ताच्या पाटीवर मी वाचलं की पेटीत पाच डझन आंबे होते, त्यातले निम्मे पिकले, तर संध्याकाळपर्यंत किती खाल्ले? मुक्ताने खाली तीस लिहिलं होतं आणि वन्सं काही न बोलता पुढच्या मुलाकडे वळल्या होत्या. मी दोन दिवस लक्ष ठेवलं. दर चार-सहा उदाहरणांत एक असं असायचंच, ज्यात काहीतरी दिलेलंच नाही. माझी खात्री झाली की यांना वयोमानाने आता जमत नाही, उदाहरणं चुकतात आणि कळतही नाही. परीक्षा तोंडावर आलेली. मी सरळ आत जाऊन विचारलं.

वन्संनी चष्मा पुसला. "पुस्तकातली सगळी सुटतात, सुनंदा. म्हणून पोरं वाचतच नाहीत. आकडे दिसले की गुणलेच. एखादं न सुटणारं असेल या भीतीने तरी वाचतील."

"आणि भीतीने सोडून दिलं तर?"

"मुक्ता आताही सोडूनच देते. निदान का सोडलं ते सांगेल."

मला पटलं नाही. पण मुक्ताने ते उचललं आणि घरात आमचे हाल सुरू झाले. मी काही सांगितलं की ही विचारायची, हे दिलंय का? दुकानात एकदा मी तिची परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, पाच मीटर कापडात लहान मुलींचे परकर किती होतील? तिने कापडाकडे बघितलंही नाही. म्हणाली, "पन्हा किती ते सांगितलं नाहीस. आणि घेर." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ती न विचारता कापड घेणारी गिऱ्हाइकं मी रोज बघते. तरी मनातून संशय गेला नाही. वाटलं, वन्संनी पढवून ठेवलं असणार.

मग ताग्याचं उदाहरण आलं. वीस मीटरच्या ताग्याचे चार-चार मीटरचे तुकडे करायचे, तर किती वेळा कापावं लागेल? मुक्ताने चार लिहिलं. मी म्हटलं पाच. तुकडे पाच म्हणून नव्हे. ताग्याची कड कधीच सरळ नसते, आधी ती कापून सरळ करावी लागते, हे कोणीही शिंपी सांगेल. हे वन्संना ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी पाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर जिंकायलाच गेले.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कड कापलीस तर शेवटचा तुकडा चार मीटर भरेल काय?"

"ताग्यात थोडं जास्तीचं असतंच."

"ते यात लिहिलंय?"

"कड वाकडी आहे असं नाही लिहिलेलं," मुक्ता मध्येच म्हणाली, "पण सरळ आहे असंही नाही."

वन्सं पदराने तोंड झाकून हसल्या. "आता ही कोणाचंच ऐकायची नाही. ना तुझं ना माझं." आणि मुक्ताला म्हणाल्या, "परीक्षेत चार लिही. आईच्या दुकानात पाच म्हण." त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या सावर्ड्याला गेल्या.

हिश्श्याचा विषय त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. का आल्या होत्या ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता काहीही मानायला मी मोकळी आहे, म्हणून काही मानत नाही.

परीक्षा झाली. मुक्ता प्रश्नपत्रिका घेऊन घरी आली आणि नेहमीसारखी मागच्या खोलीत जाऊन बसली. मीही गेले. एका प्रश्नावर माझी नजर गेली. वर्गात चाळीस मुलं, मुली मुलग्यांपेक्षा आठने जास्त, तर मुली किती? तिने चोवीसवर खूण केली होती. मी मनात हिशोब केला. निम्मे वीस, त्यात आठ मिळवले की अठ्ठावीस, आणि अठ्ठावीस हा पर्याय समोर छापलेला होता. मी म्हटलं, "गेला हा. एवढं सोपं होतं."

ती चिडली नाही. "मग मुलगे किती?"

"बारा."

"आणि फरक?"

अठ्ठावीसातून बारा गेले तर सोळा उरले, आठ नव्हे. मुक्ता वाट बघत राहिली, घाई न करता. मी तिच्या हातातून प्रश्नपत्रिका घेतली, वन्संच्या खाटेवर बसले आणि ते उदाहरण पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.