अभिनंदनाचा फ्लेक्स आणि माझा व्हिसा

आईवडिलांना सोडलं तर मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो अमेरिकेतल्या माझ्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या मॅडमचा. त्यांच्या ऑफिसात मी मोजून दोनदा गेलो असेन. त्यांची खरी ओळख झाली ती मी कडेगावजवळच्या आमच्या गावी अडकून पडलो तेव्हा.

बहिणीचं लग्न होतं, साताऱ्याला. म्हणून सुट्टीत आलो. माझ्या व्हिसाची मुदत संपली होती. परत जायचं तर तो मुंबईत नव्यानं घ्यायचा होता. आधीच्या मुलांना ते दोनचार दिवसांचं काम वाटायचं. मी गावी पोचलो आणि नियम बदलले. विद्यापीठाचा ईमेल आला: सोशल मीडियाची खाती आता सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतील, ती तपासली जातील, मुलाखतीच्या तारखा उशिरा मिळतील. माझ्याच विभागातल्या एका मुलाची परदेशी विद्यार्थी म्हणून सरकारकडे असलेली नोंद काही कारण न सांगता रद्द झाल्याचं आदल्या सत्रात ऐकलं होतं. तेव्हापासून ईमेलचा आवाज झाला की मी हातातलं काम टाकून आधी तो उघडायचो.

आणि आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता.

तो तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, लावला होता. तात्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फ्लेक्सवर माझा कोटातला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या भावकीचे चेहरे, आणि मोठ्या अक्षरांत: 'अमेरिकेत नोकरी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तरुण मंडळानं त्याचा फोटो माझं नाव जोडून फेसबुकवरही टाकला. मी विद्यार्थी. बाहेर नोकरी करायची मला परवानगीच नाही. मी खालच्या वर्गांना शिकवतो, त्याचे विद्यापीठ थोडे पैसे देतं, एवढंच.

"तात्या, ती नोकरी नव्हं. शिकताना दिलेलं काम हाय."

"पगार देत्यात का न्हाई?"

"देत्यात."

"मग? आमाला ट्रेनिंगला पगार हुता, तवा आमी काय पिकनिकला गेलतो म्हणायचो व्हय?"

"तिकडं व्हिसा देणारा सायेब हे वाचंल."

"मराठी वाचतोय व्हय त्यो? लय हुशार दिसतोय गड्या."

मग माझा चेहरा बघून तात्या उठले आणि चौकात फ्लेक्स बघायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता 'नोकरी लागल्याबद्दल' या शब्दांवर 'उच्च शिक्षणाबद्दल' अशी पट्टी चिकटवून आणली. मंडळानं त्याचाही फोटो टाकला. आता माझ्या नावावर दोन फोटो होते, आणि कुणीही बघितलं तर वाटावं की मी काहीतरी झाकतोय.

मी मॅडमना सगळं लिहिलं. त्यांच्या संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे सकाळी डेअरीला दूध घालायच्या वेळी, त्यांनी फोन केला. पट्टीचं ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "काही पुसू नका. खातं बंद करू नका. विचारलं तर घडलं तसं सांगा." हे काम नियमात बसतं असं पत्र त्यांनी त्याच दिवशी पाठवलं. व्हिसा मिळेलच असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

मुलाखतीची तयारीही त्यांनीच फोनवर करून घेतली. कुठला, असं विचारलं की मी कडेगावपासून सुरुवात करायचो आणि आजोबांपर्यंत जायचो. आमच्याकडे साहेबापुढं असंच बोलतात, नाहीतर उर्मट वाटतं. "मी एकच प्रश्न विचारला होता," त्या म्हणायच्या. "पुन्हा सांगा."

मुंबईत काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "तिकडे काही काम करता?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात की त्यांनी फ्लेक्स पाहिला होता, हे मला आजही माहीत नाही. मी एका वाक्यात उत्तर दिलं. मॅडमचं पत्र पुढं केलं. अधिकाऱ्यांनी ते घेतलं नाही. आणखी तपासणी होईल, असा कागद देऊन पासपोर्ट ठेवून घेतला.

मग नुसतं थांबणं. चौकातून जाणं मी टाळू लागलो. "कवा जाणार?" असं जो तो विचारायचा. तात्यांनी फ्लेक्स उतरवून गोठ्यावर घातला आणि माझ्याशी बोलणं कमी केलं. तिकडे सत्र सुरू झालं. मॅडमनी विभागाशी बोलून मला उशिरा हजर व्हायची सवलत मिळवली, पण तिलाही मुदत होती. ती चुकली असती तर पदवी तिथंच थांबली असती.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना इंग्रजीत पत्र पाठवलं. मराठीत ते असं:

आदरणीय मॅडम,

पासपोर्ट आला. व्हिसा लागला आहे. घरी पेढे वाटले, माझा मी तसाच ठेवला. व्हिसा असूनही तिकडच्या विमानतळावरून परत पाठवू शकतात, हे तुम्ही माझ्यापासून लपवलं नाही, म्हणूनच तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. तुमचं पत्र छापून हातातल्या बॅगेत ठेवलं आहे. फोन काढून घेतला तर जवळ असावा म्हणून तुमचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवला आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच. त्यामुळे सगळ्यांना वाटतं मला सगळं कळतं, आणि मला भीती वाटते हे इथं कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगतो. फार भीती वाटते.

तुम्ही केलंत ते मी विसरणार नाही. विमानतळाबाहेर पडलो की लगेच फोन करीन. पोचायच्या दिवशी तुमच्या दुपारपर्यंत आला नाही, तर कृपया माझी चौकशी करा.

आपला विद्यार्थी