रवणाला बसलेली

"नाय गावलो गो बाय. सगळा कुंपण धुंडाळलंय, पानापानाखाली बघलंय. एक म्हणान दिसाक नाय."

एवढं बोलून काशीराम घाडी प्रयोगशाळेच्या मोरीकडे वळला आणि काचेच्या पट्ट्या धुवायला लागला. धुतलेल्याच पट्ट्या.

"असं कसं काका? पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना, खाडीकडच्या वेलावर तो जाडमांड्या ढेकूण येतो म्हणून?" श्वेता स्टुलावरून उठलीच. "शनिवारी नमुन्यांची प्लेट तपासणीला जायचीय. पंच्याण्णव पाय लागतात, चौऱ्याण्णव झालेत. एका पायासाठी वाट लागली यार!"

"तेवा होतो. आता नाय."

"बरं. तुम्ही म्हणता म्हणजे नसेल." श्वेताने वहीत त्या नावापुढे 'आढळत नाही' असं लिहिलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिने आणखी दोन प्रश्न विचारले असते तर काशीरामला बरं वाटलं असतं.

कारण त्याच सकाळी सव्वासहाला तो जाडमांड्या त्याच्या नाकापासून वीतभर लांब बसला होता. बसला नव्हे, बसली होती. सगळा घोळ तिथंच झाला.

काशीरामला मुलुंडच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागून एकतीस वर्षं झाली. बाप गिरणीत होता. गिरणी गेली तसं बिऱ्हाड परळहून विक्रोळीला खाडीच्या अंगाला आलं, आणि काशीराम कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला. पुढे कुणीतरी त्याच्या हातात चिमटा दिला आणि तो परत मागायचं विसरलं. माणूस मूळचा आचऱ्याकडचा. घरी काजू होते, म्हणून ढेकण्या हा शब्द त्याला पोटात असल्यापासून ठाऊक. मोहोर काळा पाडणारा हलकट किडा, एवढीच त्याची ओळख.

श्वेता घाटकोपरची. त्याच कॉलेजात शिकली आणि तिथंच आता पीएचडी करते. तिचा विषय उपनगरातले ढेकूण. गादीतलेच नव्हेत. ज्यांना तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड असते आणि जे रस शोषून जगतात ते सगळे: पिठ्या, मावा, तुडतुडे, डबक्यावर धावणारे, हात लावला की घाण वास सोडणारे. ही सगळी एक भावकी. मढच्या खडकांपासून मुलुंडच्या डोंगरापर्यंत यातले कोण कोण नांदतात याची यादी कुणी धड केलेलीच नाही. ती करायची, आणि तीही डोळ्यांवर विसंबून नाही. किडा पकडून कडक अल्कोहोलात टाकायचा, त्याचा एक पाय काढायचा, त्या पायातून डीएनए काढून त्याचा एक ठरावीक तुकडा वाचून घ्यायचा. तो तुकडा जातीजातीत निराळा, बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांसारखा. उरलेली कुडी टाचणीवर लावून पेटीत. उद्या कुणी विचारलं, हा पाय कुणाचा, तर धनी दाखवता आला पाहिजे. नुसता पाय काढून किडा सोडून दिला तर तो नमुना धरत नाहीत.

"आधार कार्ड काढतत त्यांचा," काशीराम शिपायांना सांगायचा. "फक्त बोटाऐवजी पाय देवचो लागता."

पाय काढायचं काम त्याचंच. उजवीकडचा मधला पाय. श्वेताचा हात थरथरे, याचा नाही. आणि डोळा तर असा, की श्वेताने एक जात म्हणून एकाच पेटीत घातलेले करंजावरचे दोन ढेकण्या त्याने मुकाट्याने वेगळे ठेवले होते. "ह्यांचे खांदे येगळे आसत." श्वेता हसली होती. निकाल आला तेव्हा रेघा खरंच वेगळ्या निघाल्या. त्या दिवसापासून काशीरामने लिहिलेली चिठ्ठी ती पुन्हा तपासत नसे. जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. आठवणीवरून लिहायचं नाही, किडा हातात असतानाच लिहायचं, हा काशीरामचा कायदा. जुन्या सरांनी घालून दिलेला, पण सर गेले तरी याने मोडला नाही.

तर त्या सकाळी काय झालं?

विक्रोळीला काशीरामच्या इमारतीमागच्या रस्त्याला खाडीच्या बाजूने जाळीचं कुंपण आहे. त्यावर गारवेल चढलेला. काशीरामने एक पान उलटं केलं, तर जाड मांड्यांची ती तपकिरी बया देठाला मिठी घालून बसलेली. त्याने बाटलीचं बूच काढलं आणि ब्रश पुढे केला. एरवी हा प्राणी असा, की पानाला धक्का लागला की खाली पडून मेल्याचं सोंग घेतो. ही हलली नाही. ब्रश डावीकडून आला तर अंग डावीकडे कलंडवलं, उजवीकडून आला तर उजवीकडे. तिसऱ्या वेळी नेमकी अंगठ्यावर पिचकारी मारली. असा उग्र वास, की काशीरामच्या डोळ्यात पाणी आलं.

मग त्याला तिच्या पोटाखाली दिसलं. पितळेच्या मण्यांसारखी अंडी, एकाला एक लावून.

"अगो, रवणाक बसलंस काय तू?" तो मोठ्याने बोलला. कुंपणापलीकडून एक बगळा उडाला.

आता रवण काय ते ज्याच्या घरी कोंबड्या होत्या त्याला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. कोंबडी अंडी उबवायला बसली की घरातली माणसं त्या कोपऱ्यात पाय वाजवत नाहीत. पाहुणा आला, घरात दुसरी कोंबडी नसली, तरी तिच्यावर सुरी फिरत नाही. पाहुण्याला सुकटीवर भागवायचं. काशीरामच्या आईने एकदा जावयाला सुकट वाढली होती आणि जावई वर्षभर रुसला होता. हा काही धर्म नव्हे आणि दयाही नव्हे. पिल्लं निघाली, मोठी झाली, की त्याच कोंबडीचा रस्सा होतो. पण रवणावरून नाही उठवायची.

काशीरामने बूच लावलं.

संध्याकाळी घरी बायकोने, वनमालेने, चहा दिला आणि नाकाला पदर लावला. "हाताक कसलो वास येता तुमच्या? तीन वेळा धुतलात मा?"

त्याने सांगितलं. ती आधी हसली. "तीस वर्सां बेडूक फाडूक दिलात पोरांका. झुरळां मारलात. आता ढेकणाची दया इली?"

"दया खंयची? तां रवण असा."

"बरां, रवण असा." वनमाला गावचीच. तिला पुढे समजवावं लागलं नाही. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मगे त्या कॉलेजातल्या चेडवाक काय सांगलात?"

"गावलो नाय म्हणान सांगलंय."

तिचा हात थांबला. "किडो नाय घेतलात तां बरां केलात. पण खोटा कित्याक?"

काशीराम उठला. कपबशी स्वतःच नेऊन विसळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान उलटून पाहतो तर बया जाग्यावर. आणि रस्त्याच्या टोकाला मंडळाची पोरं कोयते घेऊन. गणपती तोंडावर आलेले. विसर्जनाला मूर्ती याच रस्त्याने खाडीवर जाते, म्हणून दरवर्षी वेल झाडून सगळा साफ. पुढे विशाल, तळमजल्यावरच्या पेडणेकरांचा.

"विशाल, हयसर तीन फूट सोड."

"काका, बाप्पाची वाट आहे. टेम्पोला वेल अडकतो, गेल्या वर्षी मखराची झालर फाटली."

"तू वरचो काप. कमरेखालचो तीन फूट ठेव."

"पण का?"

"रवण असा हय."

"काय आहे?"

विक्रोळीत जन्मलेला पोरगा. काशीरामने पान उलटं करून दाखवलं. विशाल वाकला, बघितलं, आणि घाण वासाने मागे झाला. "शी! ढेकूण? ढेकणासाठी थांबायचं?"

"गणपतीच्या पायाशी उंदीर चलता, कुंपणार ढेकूण नाय चलणा?"

पोरं खो-खो हसली. विशालने कोयता खांद्यावर टाकला. "झकास! ठेवा तुमचं तीन फूट. पण विसर्जनाला कुणी बोललं तर तुमचं नाव सांगणार."

"सांग. पूर्ण नाव सांग. काशीराम भिकाजी घाडी."

नाव तोंडातून गेलं आणि त्याला चिठ्ठ्या आठवल्या. तीस वर्षं ज्या नावाखाली खोटं लिहिलं नाही, तेच हे नाव.

कॉलेजात पोचल्यावर त्याने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"श्वेता, माका तुका सांगूचा असा. जाडमांडी गावली होती. काल सकाळी. मी घेवक नाय. अंड्यांवर बसली असा म्हणान."

श्वेताने डोळा वर केला. तिने वही पुढे ओढली, कालचं पान उघडलं. मग म्हणाली, "मी काल वहीत लिहिलं, आढळत नाही. ते यादीत गेलं असतं. विक्रोळीच्या खाडीला ही जात नाही, असं छापून आलं असतं काका."

"होय."

"तुमच्या चिठ्ठ्या मी तपासत नाही. दुसऱ्या कुणाच्याही तपासते."

काशीरामला वाटलं, चिडून ओरडली असती तर बरं होतं. तिचा आवाज मात्र ताप आलेल्या माणसासारखा बारीक झाला होता. "आता तपासत जा," तो म्हणाला.

दुपारी ती त्याच्याबरोबर विक्रोळीला आली. खिशात बाटली होती, ते काशीरामने पाहिलं. कुंपणाशी त्याने पान उलटं धरलं आणि बाजूला झाला. "घे. काम तुझा असा. मी आडवो येवचंय नाय." बोलला खरा, पण नजर खाडीकडे लावली.

श्वेताने ब्रश पुढे नेला. बया कलंडली. ब्रश पलीकडे नेला, बया पलीकडे. श्वेता उकिडवी बसली ती अर्धा तास. मांडीवर वही घेऊन काय काय लिहिलं, किती अंश कलंडते ते बोटाने मापलं, फोटो काढले. बाटली खिशातच राहिली.

"गाईड मॅडम बोलतील," उठताना ती म्हणाली. "प्लेट चौऱ्याण्णववर जाईल. हिचा पाय पुढच्या खेपेला." मग त्याच्याकडे वळून, "काका, यापुढे घ्यायचा नसेल तर 'नाही घेणार' म्हणा. मी भांडेन, तुम्ही भांडा. 'सापडला नाही' नाही म्हणायचं."

"नाय म्हणूचंय."

"आणि हे 'आढळत नाही' मी खोडते. पुढे तुम्ही लिहा, तुमच्या हाताने."

तिथंच, वेलाशी उभं राहून काशीरामने लिहिलं: विक्रोळी, खाडीचं कुंपण. मादी अंड्यांवर. नमुना घेतला नाही. का. भि. घाडी. तारीख कालची घातली आणि खाली आजची, दोन्ही.

वर वनमालेने त्या पोरीला घावणे वाढले. दोघी काशीरामबद्दल काय बोलल्या ते त्याला कळलं नाही, पण हसू जिन्यापर्यंत ऐकू आलं.

विसर्जन झालं. झालर फाटली नाही. अंडी फुटली, लाल ठिपक्यांसारखी पिल्लं काही दिवस आईच्या अंगाखाली राहिली, मग वेलभर पांगली. एका सकाळी बया नव्हती. मेली की उडाली, कोण जाणे. काशीरामने मिनिटभर आजूबाजूची पानं उलटली. मग एक धडधाकट पिल्लू ब्रशने उचललं, बाटलीत टाकलं, बूच लावलं. मनात काहीही आलं नाही. चिठ्ठी तिथंच लिहिली.

कॉलेजात श्वेताने बाटली उजेडात धरली, चिठ्ठी वाचली, आणि बाटली त्याच्या टेबलावर ठेवली. वहीशी ताडून पाहिली नाही.

काशीरामने चष्मा पुसला. चिमटा अल्कोहोलात बुडवला, दिव्यावर धरला. उजवीकडचा मधला पाय. मढहून आलेल्या छत्तीस बाटल्या अजून रांगेत होत्या.