नंबर चारची पाठ

“तोफेवर माणसाला नाव नसतं, नंबर असतो,” असं मोहियोद्दीन शेख एकदा म्हणाले होते. ऐकणाऱ्या अपेक्षाला ते इतकं आवडलं की प्रदर्शनाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावू, असं ती म्हणाली. त्यांनी नको म्हणून हात हलवला आणि ते चहाच्या कपाकडे पाहत बसले.

अपेक्षा शहरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. जिल्ह्यातल्या जवानांच्या घरी धूळ खात पडलेले फोटो आणि पत्रं गोळा करून तिने प्रदर्शन मांडायचं ठरवलं, तेव्हा कुणीतरी तिला छावणीतलं हे घर दाखवलं. एकाहत्तरच्या लढाईत तोफखान्यात असलेला, अजून चालता-बोलता माणूस. चालत ते रोज होते, बोलत मात्र कमी. उजवा कान तोफेने तेव्हाच नेला होता, डावा हळूहळू वय नेत होतं. अपेक्षाने त्यांचा जुना फोटो मागितला तेव्हा त्यांची बायको जमिलाबी आतून म्हणाली, “इनका फोटू? एक नै घर में, बेटी. पेन्शन के कागद पे है, वो भी सरकार ने जबरदस्ती निकाला.” पोराच्या लग्नातही हे कॅमेऱ्यापासून लांब, बिर्याणीच्या देगांजवळ उभे होते, हेही तिने सांगून टाकलं. मोहियोद्दीन यांना ते ऐकू आलं नसावं. किंवा आलं असेल.

लढाईच्या वेळी ते विशीत होते. पंजाबच्या सरहद्दीवर, उसाच्या फडामागे त्यांची पंचवीस पौंडी तोफ उभी होती. एका तोफेला सहा माणसं. नंबर एक हुकूम देतो, नंबर तीन नेम धरतो, नंबर चार गोळा नळीत घालतो, त्याच्या मागचे गोळे पोचवतात. शत्रू कुणालाच दिसत नाही. वायरलेसवर आकडे येतात, त्या आकड्यांवर नळी वळते आणि फडापलीकडे, खूप लांब, कुणीतरी मेलं असेल असं धरून चालायचं. आपल्यातला एखादा पडला तर त्याच्या मागचा पुढे सरकतो आणि त्याचा नंबर घेतो. ही सवय हाडात मुरवलेली असते, कारण पडलेल्याकडे बघत बसलं तर सगळेच पडतात.

नंबर चार होता कचरू सोनवणे, अजिंठ्याजवळच्या खेड्यातला. मोहियोद्दीन नंबर पाच. दोघं एकाच जिल्ह्याचे, म्हणून झोपायला एकाच ताडपत्रीखाली. कचरूला लिहिणं जेमतेम जमायचं, त्यामुळे त्याची घरची पत्रं मोहियोद्दीन लिहीत. बैल कसा आहे, विहिरीला पाणी किती, हे कचरू भराभरा सांगायचा. नव्या बायकोपाशी आला की अडायचा. “पुढचं तूच लिव बाबा, तुला समजतंय,” म्हणून कूस बदलायचा. मग जिला कधी पाहिलंही नव्हतं तिला मोहियोद्दीन लिहायचे की इकडे थंडी फार आहे आणि तुझी आठवण येते.

एका पहाटे पलीकडून आलेला गोळा त्यांच्या खड्ड्यात पडला. धूर विरला तेव्हा कचरूच्या जागी कचरू नव्हता. जे होतं ते नंतर घोंगडीत गोळा करावं लागलं. पण आधी नंबर एक ओरडला, “नंबर चार!” आणि मोहियोद्दीन पुढे सरकले. पायाखालची माती ओली होती. पाऊस कुठे नव्हता. त्या ओलीत पाय रोवून ते दुपारपर्यंत नळीत गोळे घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी लष्कराचा फोटोग्राफर आला. तोफ डागतानाचा फोटो हवा होता. तोफ तेव्हा गप्प होती, तरी सगळे आपापल्या जागी उभे राहिले. बाकीच्यांचे चेहरे आले. नंबर चारची फक्त पाठ आली. बाह्या दुमडलेल्या, हातात उचललेला गोळा. फोटोखालची नावं कारकुनाने तोफेच्या कागदावरून नंबरवार घातली, आणि कागदावर नंबर चारपुढे अजून कचरूच होता.

फोटो छापून आला तेव्हा सुभेदारांना चूक दिसली. मोहियोद्दीन यांनाही दिसली. पण कचरूच्या घरी पाठवायला एक पत्र्याची पेटी आणि एक स्वेटर, याखेरीज काही नव्हतं. पाठच तर आहे, पाठीला कोण ओळखतंय, असं सुभेदार म्हणाले आणि फोटो पेटीत ठेवायला लावला. सोबतचं पत्र मोहियोद्दीन यांनी लिहिलं. त्याच नेहमीच्या अक्षरात.

नोकरी संपवून परतल्यावर ते वाळूजच्या एका कारखान्याच्या फाटकावर बसू लागले. त्या सुमारास ते कचरूच्या गावी जाऊन आले. पितृपक्ष चालू होता. ज्या बाईला त्यांनी थंडीबद्दल लिहिलं होतं ती द्वारकाबाई दारात उभी होती, अजून तरुण, कपाळ मोकळं. घरात शिरल्या शिरल्या त्यांना स्वतःची पाठ दिसली. तिला हार घातलेला होता, काचेवर गंध होतं, पुढे पान वाढलेलं होतं. “भाऊ, जेवल्याबिगर जायचं नाय,” असं द्वारकाबाई म्हणाल्या. त्याच पातेल्यातली खीर त्यांच्यापुढे आली. त्यांनी ती संपवली. त्यानंतर ते त्या गावाला गेले नाहीत, आणि कॅमेऱ्यासमोरही उभे राहिले नाहीत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अपेक्षाने त्यांना दालनात बोलावलं. भिंतीवर फोटो चढत होते. द्वारकाबाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर तोच फोटो, शेजारी पुतण्या आकाश. द्वारकाबाईंचे केस सगळे पांढरे झालेले. मोठी प्रत काढायची म्हणून आकाशने फोटो मोबाइलवर घेऊन ताणला होता, आणि तिथेच घोळ झाला होता.

“काकाच्या हातावर मारुती गोंदलेला व्हता ना?” तो मोहियोद्दीन यांना मोबाइल दाखवत म्हणाला. “मोठी आई लहानपणापासून सांगती. बघा, चाचा, पार कोपरापर्यंत उघडाय हात. मारुती कुठंय?”

जुने फोटो असेच असतात, उजेडात बारीकसारीक उडून जातं, असं अपेक्षाने समजावून पाहिलं. द्वारकाबाईंनी ऐकून घेतलं. भाऊ सांगतील तेव्हाच फोटो भिंतीवर जाईल, नाहीतर मी तो परत नेणार, एवढंच त्या म्हणाल्या. आकाश पुटपुटला की आठ दिवस झाले, बाई धड जेवत नाही, आणि फोटोपुढचा दिवाही लावत नाही. द्वारकाबाईंनी त्याला चहा आणायला पिटाळलं. अपेक्षाही समजून थोडी बाजूला झाली.

मग द्वारकाबाईंनी खुर्ची ओढून मोहियोद्दीन यांच्या डाव्या कानाशी आणली.

“भाऊ, मी त्यांच्यासंगं नांदले ते दोन सुट्ट्या. तोंड आता आठवत नाय, खोटं कशाला बोलू. हातावरचा मारुती तेवढा आठवतो.”

मोहियोद्दीन फोटोकडे पाहत नव्हते.

“पत्रातलं अक्षर तुमचं, ते तवाच ठाऊक व्हतं. थंडी लई हाये, आठवण येती, हे बी तुम्हीच लिवलं असंल. त्यांना कुठलं सुचतंय ते.” त्या किंचित हसल्या. “लिवलं तर लिवलं. मी काय म्हनत नाय. पण भाऊ, एवढी पाठ तरी त्यांची हाये का?”

एका ‘हो’ने काम झालं असतं. बाई घरी जाऊन दिवा लावणार होती, पुढच्या पितृपक्षात भरणीला पुन्हा पान वाढणार होती, ते पुन्हा एका जिवंत माणसाच्या पाठीपुढे. कचरूच्या वाट्याला इतक्या वर्षांत एक घासही गेला नव्हता. आणि ‘नाही’ म्हटलं तर भिंतीवर खिळा उरत होता, आणि पेटीत दुसऱ्याच्या हातची पत्रं. उसाच्या फडामागची ओली माती कुणाच्या भिंतीवर लावता येत नाही.

द्वारकाबाई वाट पाहत होत्या.

आकाश चहा घेऊन आला. मोहियोद्दीन यांनी कप घेतला नाही. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, टोपी नीट केली, द्वारकाबाईंकडे पाठ केली आणि भिंतींवरच्या सगळ्या पलटणींमधून दाराकडे चालू लागले. दालन लांब होतं. अपेक्षाने चाचा म्हणून हाक मारली. द्वारकाबाईंनी मारली नाही. लांब जाणाऱ्या पाठीकडे त्या पाहत होत्या, आणि पाहता पाहता त्यांनी मांडीवरचा फोटो हळूच पालथा केला.

मोहियोद्दीन मागे वळले नाहीत. दार ढकलून ते बाहेर गेले.