टेस्टिंगच्या अक्का

बटण एकदाच दाबून शांत बसणारा माणूस जगात असतो, यावर टेस्टिंगच्या अक्कांचा विश्वास नव्हता. आम्ही बनवलेलं कुठलंही पान समोर आलं की त्या 'सबमिट' चार वेळा दाबत, नावाच्या रकान्यात नुसतं टिंब टाकत, पिनकोडच्या जागी फोन नंबर लिहीत आणि अर्ज अर्धा भरून झाला की मुद्दाम मागे जात. मग पान कोलमडे आणि त्याची तक्रार माझ्या नावावर येऊन पडे.

"असं कोण करतं, अक्का?" मी वैतागून विचारायचो.

"माझी आई करतीय. तुझीपण करत असणार. फोन लावून विचार बघू."

मी नागपूरहून कन्नड मुलखातल्या बेळ्ळंदूरच्या त्या वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत नुकताच लागलो होतो. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी चाले. मराठी बोलणारं माणूस म्हणजे एकट्या अक्का. त्या मूळच्या निपाणीच्या, लग्न होऊन आनेकलला आलेल्या, आमच्या सगळ्यांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. त्यांच्या मराठीत 'जरा'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं, बरं'च्या जागी 'सरी, सरी' सहज मिसळून येई. आमचा मॅनेजर विवेकसुद्धा त्यांना अक्काच म्हणायचा, पण त्याच्या तोंडी तो शब्द आला की पुढे काहीतरी गळ्यात पडणार हे ठरलेलं असे.

तिथल्या कामाचा मला हळूहळू उबग येऊ लागला होता. क्लायंट दर दोन दिवसांनी 'छोटासाच बदल' सांगायचा. पहिल्या पानावरचा निळा रंग किती निळा असावा यावर आमचे दोन आठवडे गेले, आणि पान उघडायला लागणारा वेळ कमी करायला दोन तास मागितले तर "पुढच्या वेळी बघू" असं उत्तर मिळालं. रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहत आणि आपापलं काम 'झालं' असं सांगत. अक्कांची पाळी आली की त्या वही उघडून काय काय झालेलं नाही ते वाचत. विवेक घड्याळाकडे बघे. आम्ही बुटांकडे बघत असू. आणि खरं सांगतो, मलाही त्यांचा राग यायचा. संध्याकाळपर्यंत हातावेगळं होणारं काम त्या वहीमुळे आठवडाभर लांबे.

त्यांची तपासणीची खरी जागा ऑफिसात नव्हतीच. आनेकलच्या बसमध्ये शेजारी जी कोण बाई बसे, तिच्या हातात त्या आपला जुना फोन देत आणि कन्नडमध्ये सांगत, "स्वल्प हे भरून दाखव." कधी कारखान्यातून सुटलेली कामगार, कधी बाजार करून निघालेली म्हातारी. अक्का शब्दानं मदत करत नसत, फक्त ती बाई कुठं अडते ते बघत. एकदा मी म्हटलं, "अक्का, हे आपल्या कामात बसत नाही." त्या म्हणाल्या, "मग आपण कुणासाठी करालोय, ते तरी सांग मला."

डोळ्यांच्या दवाखान्यांची एक साखळी होती, तिची साइट आमच्याकडे आली. पेशंटनं घरबसल्या तारीख निवडायची, इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. तारखेचा भाग माझ्याकडे होता. उद्घाटन शुक्रवारचं ठरलं होतं, निमंत्रणं गेली होती. बुधवारी सकाळी अक्का बसमधून उतरून थेट माझ्या टेबलाशी आल्या. आदल्या दिवशी बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं तारीख निवडली, मग इंग्रजी वाचता येईना म्हणून कन्नडचं बटण दाबलं. पडद्यावर तिनं निवडलेली तारीख तशीच राहिली. दवाखान्याच्या यादीत मात्र एक दिवस आधीची तारीख नोंदली गेली.

मी तपासलं. त्यांचं बरोबर होतं, आणि चूक माझ्या हातची होती. मुळापासून दुरुस्त करायला तीन दिवस हवे होते.

विवेक म्हणाला, "मध्येच भाषा कोण बदलतंय? सोमवारी दुरुस्त करू."

"चुकीच्या दिवशी माणूस येईल दवाखान्यात," अक्का म्हणाल्या. "मी मान्यता देणार नाही."

साइट लाइव्ह करायची तर टेस्टिंगच्या रकान्यात कुणाची तरी मान्यता लागे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत अक्कांनी ती दिली नाही. त्यांनी सगळं लिहून विवेकला मेल केला, पर्स उचलली आणि बस गाठायला निघून गेल्या. त्या गेल्यावर विवेक माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "तूही तपासलंयस ना? तूच दे मान्यता. पुढचं प्रोजेक्ट मी तुझ्याकडे सोपवायचं म्हणतोय." मी दिली. एक क्लिक करायला लागतो तेवढाच वेळ लागला.

शुक्रवारी फीत कापली गेली, फोटो आले. सोमवारी आम्हाला दुसऱ्या क्लायंटच्या कामाला लावलं. तारखेची चूक तशीच राहिली.

दोन आठवड्यांनी दवाखान्याची मंडळी कॉलवर आली. त्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर बसणारी एक बाई बोलली, आणि इतरांसारखी ती सांभाळून बोलत नव्हती. एक आजोबा दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन बस बदलून आले होते. "तुमचा नंबर काल होता," असं तिनं त्यांना सांगितलं. ते फोन दाखवत होते, त्यावर आजचीच तारीख होती. त्यांनी परत नंबर घेतला, पुन्हा तेच झालं. "तिसऱ्या वेळी ते आदल्या दिवशीच येऊन व्हरांड्यात झोपले," ती म्हणाली, "चुकायला नको म्हणून. असे रोज दोघे-तिघे येतात. मी त्यांना काय सांगू?"

क्लायंटनं विचारलं, "हे तपासलं कुणी होतं?"

विवेक म्हणाला, "टेस्टिंग अक्कांकडे असतं."

अक्का माझ्या समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मान्यता कुणाच्या नावावर आहे हे त्यांनी पाहिलं होतं, सिस्टिममध्ये ते सगळ्यांना दिसत असे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी वहीत उगाच रेघा ओढू लागलो.

"मी लिहून दिलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. विवेकनं "हे आपण नंतर बोलू" म्हणून विषय बदलला, आणि नंतर कुणीच बोललं नाही.

महिन्याभरात टेस्टिंगसाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं गेलं आणि अक्कांकडे काही काम उरलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्या प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन गेल्या, माझ्याही. मी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर विवेकनं मीटिंगला हाक मारली. परत आलो तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

वर्षभरानं मी त्यांना फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. आनेकलच्याच एका छोट्या कारखान्यात त्या माल तपासायला लागल्या होत्या. "इथं नट सैल असला तर सैल म्हणता येतंय," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी एकदाचं सांगितलं. मान्यता मी दिली होती, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं नाव घेऊन काय झालं असतं? तुलापण घालवलं असतं," त्या म्हणाल्या. "ते राहू दे. ती तारीख नीट केलास काय?"

मला उत्तर द्यावंच लागलं. तीन दिवस शेवटपर्यंत कुणी दिले नव्हते. क्लायंट चिडल्यावर विवेकनं सोपा मार्ग काढला होता आणि तो अमलात मी आणला होता. आम्ही साइटवरचं कन्नडचं बटणच काढून टाकलं होतं.

पलीकडे कुठलंसं यंत्र मोठ्यानं सुरू झालं.

"अक्का?"

"आहे रे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "जेवलास काय?"

मी हो म्हणालो.