राखवाल्या सरांची काच

चकाकणाऱ्या वस्तूवर राखवाले सर विश्वास ठेवत नसत. स्टाफरूममध्ये नवा कप आला तरी नखाने त्याचा मुलामा खरवडून बघत. "चमकून राह्यला ना, मंग पयले फोडून पाहा," म्हणत. आम्ही हसायचो. देवळीच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र.

गावाबाहेर कचरा जाळायचा कारखाना आला आणि त्याची राख मुरमाच्या जुन्या खदानीत पडू लागली. सर ती पिशव्या भरभरून प्रयोगशाळेत आणत, म्हणून हे नाव. खदानीखालच्या उतारावर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, शांताताईंचं घर होतं. विधवा बाई, एकटी राहणारी. त्यांच्या अंगणातल्या विहिरीच्या पाण्यात सरांना शिसं सापडलं होतं.

राख उचलायला कुणी तयार होईना. मग सरांनी तिची काच करायचं मनावर घेतलं. वाळू आणि सोडा घालून राख पुरती वितळवली, की शिसं काचेत अडकतं, पाण्यात उतरत नाही. पण तसं खरंच झालं का, हे बघण्यासाठी ते काच कुटून आंबट पाण्यात दिवसभर घुसळत ठेवत आणि मग त्या पाण्यात शिसं शोधत. ते सापडायचंच. प्रयोगशाळेतल्या भट्टीच्या धगीने सरांच्या भुवया जळाल्या होत्या. "उतरलं, मॅडम," एवढंच बोलायचे आणि जेवणाचा डबा न उघडताच घरी जायचे.

एका उन्हाळ्यात मात्र घुसळलेलं पाणी स्वच्छ निघालं. सरांनी तीच तपासणी पुन्हा केली, परत केली. मग रुमालात तोंड खुपसून रडले आणि ताईंना सांगायला स्कूटर काढून गेले.

सरांची रीत घेऊन कारखान्याच्या मालकाने मोठी भट्टी बांधली, फरसबंदीचे काचेचे गट्टू पाडले. पहिल्या गट्टूंचा शांताताईंच्या विहिरीभोवती ओटा बांधला. हार झाले, फोटो झाले. सरांच्या नावाचा फलक लागला. त्या गर्दीतून सरांनी एक गट्टू पिशवीत घालून आणला आणि प्रयोगशाळेत फोडला. वरून काळीभोर काच. आत करडी, कच्ची राख. वीज वाचवायला भट्टी पुरती तापवलीच नव्हती. घुसळलेल्या पाण्यात शिसं भरपूर होतं.

सर जाब विचारायला गेले, तर मालक म्हणाला, "सर, तुमच्याच नावाचा माल आहे. आता तुम्हीच नावं ठेवता?"

दुसऱ्या दिवशी सर लोखंडी सब्बल घेऊन ओटा उखडायला गेले. मी सोबत होते. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "सर सरकले काय?" आवाज ऐकून शांताताई बाहेर आल्या.

"काऊन तोडून राह्यला रे सुध्या? तूच त बनवलं."

"ताई, हे कच्चं आहे. विहिरीचं पाणी पिऊ नको."

"मंग कोणतं पेऊ?"

सरांनी सब्बल खाली ठेवली. ते विहिरीच्या काठावर बसले.

ताई घर सोडून त्यांच्याकडे यायला तयार नव्हत्या. मग रोज स्कूटरवर पाण्याच्या कॅन घेऊन सर तिकडे जाऊ लागले. त्यातलं पाणी त्या तुळशीला घालत आणि स्वतः विहिरीचंच पीत, हे सरांनाही माहीत होतं. तक्रारी झाल्या, कारखाना काही काळ बंद पडला, पुन्हा सुरू झाला. भट्टी मोडून भंगारात गेली. राख प्रयोगशाळेत आणू नका, असं कॉलेजने बजावलं. सर खंगत गेले. रिकाम्या टेबलाशी बसून मला विचारत, "झालतं ना, मॅडम? एक डाव त झालतं ना?"

"झालं होतं, सर."

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारत.

निवृत्तीनंतर वर्षही गेलं नाही, त्यांचं हृदय थांबलं. तेरवी झाल्यावर मी शांताताईंकडे गेले. विहिरीच्या तोंडावर त्यांनी मिस्त्रीकडून फरशी बसवून घेतली होती. ओसरीत बांधलेलं गाठोडं होतं.

"पोरीकडे चालली, कारंज्याले," त्या म्हणाल्या. "तो होता तवा म्या आयकलं नाई. आता कोनासाठी हट्ट करू?"

त्यांनी दाराला कुलूप लावलं. मी गाठोडं घेतलं आणि आम्ही ऑटोची वाट बघत सडकेवर उभ्या राहिलो. समोर खदानीत एक ट्रक राख रिकामी करत होता. वारा फिरला, राखेचा लोट सडकेवर आला. शांताताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्याचं दुसरं टोक ओढून माझ्या तोंडावर धरलं.