शेठच्या जमिनीला योगेंद्रचं नाव

कुंभिवलीच्या योगेंद्रला सगळे ‘टॅक्सवाला’ म्हणत. साजगावच्या कारखान्यात बावीस वर्षं नोकरी, पगार हातात पडायच्या आधीच कर कापलेला. तरी हा पठ्ठ्या दरवर्षी मुदतीआधी रिटर्न भरणार आणि नाक्यावर ऐटीत सांगणार, “आपला हिशेब चोख हाय!” लोक हसायचे. हसतील नाहीतर काय! समोर टेकडीवर मुंबईच्या शेठचा पोहण्याच्या तलावासकट बंगला, पण कर भरायची वेळ आली की शेठ कागदावर कायम तोट्यात. आणि योगेंद्र मुलीच्या, भाग्यश्रीच्या, फार्मसीच्या फीसाठी बायकोच्या पाटल्या मोडून बसलेला.

शेठला हायवेलगतची तीन एकर हवी होती. शेतजमीन घ्यायला सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी लागतो, आणि शेठच्या सात पिढ्यांत कुणी चिखल तुडवला नव्हता. योगेंद्रकडे वडिलांकडून वाटणीला आलेली दहा गुंठे जमीन होती. गावात नाव देणं म्हणजे शेजाऱ्याला शिडी देण्यासारखं. काम झालं की परत येते.

“नाव तुझं, पैसा आमचा,” शेठचा मॅनेजर म्हणाला. “पोरीची दोन वर्षांची फी आम्ही भरू.”

योगेंद्रने खरेदीवर सही केली. त्याच्या नावाने बँकेत नवं खातं उघडलं, तेव्हा कोऱ्या चेकांवरही सह्या ठोकल्या. दोन वर्षांनी शेठने जमीन गोदामवाल्यांना विकली तेव्हाही सही केली. एवढा चोख माणूस, पण अक्कल गेली होती कुठे चरायला!

मग आयकर खात्याचं रजिस्टर पत्र आलं. जमीन तुमची, विक्री तुमची, नफा तुमचा. कर आणि दंड मिळून एक्केचाळीस लाख.

कर्जतला कराची कामं करणाऱ्या जागृतीने पत्र दोनदा वाचलं. “काका, जमीन माझी होती म्हणालात तर हे भरा. माझी नव्हती म्हणालात तर बेनामीचा गुन्हा. तुरुंग.”

“मग मी काय म्हणू गं?”

तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

योगेंद्र तसाच टेकडीवर गेला. मॅनेजरने त्याला फाटकाबाहेरच उभं केलं, पण आवाज गोड होता. “शेठ वाऱ्यावर सोडणार नाहीत. मोठा वकील देतील. तुझी दहा गुंठे तेवढी आम्हाला दे.”

“शेठच्या नावावर होत नाय ना जमीन.”

“त्याची सोय झालीय,” मॅनेजर म्हणाला. “मात्र तोंड उघडलंस तर वकील विसर.”

 योगेंद्र घरी पोहोचला तेव्हा धाकटा भाऊ किशोर ओट्यावर वाट बघत होता. अंगात नवा शर्ट, हातात स्वतःचा सातबारा आणि पासपोर्ट फोटो.

“दादा, शेठनी माझं नाव निवडलं! जमीन कुठली ते उद्या सांगणार हायत. पोराच्या फीचं बी बघतो म्हणाले. नुसतं नाव द्यायचं, आपलं काय जातंय?”

योगेंद्र उंबऱ्याशीच उभा राहिला. आत भाग्यश्री मोठ्याने अभ्यास करत होती. खरं सांगावं तर वकील गेला, घर गेलं, कदाचित तुरुंग. गप्प बसावं तर समोर हा, ज्याला त्याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

“सांग की रं दादा! तू टॅक्सवाला, तुला कळतं. हिशेब चोख हाय ना?”

योगेंद्रने खिशातली नोटीस चाचपली.

“हाय,” तो म्हणाला. “कर सही.”